आवाजाची ओळख आणि बोलीची समज

‘आवाज ओळखणारे यंत्र’ असे आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन निरनिराळी कामे एकत्र झाली आहेत. पहिले काम म्हणजे काय बोलले गेले ते समजून घेणे. दुसरे, कोण बोलले ते सांगणे. शिरपूर तालुक्यातला एखादा शेतकरी फोनवर ‘केयीना भाव काय शे?’ असे विचारतो तेव्हा पहिल्या यंत्राची पंचाईत होते. त्याला ‘केळी’ माहीत आहे, ‘केयी’ नाही. ‘आहे’ माहीत आहे, ‘शे’ नाही. दुसऱ्या यंत्राला मात्र या बोलीचे फारसे सोयरसुतक नसते. ते त्या माणसाच्या गळ्याची, नाकाची, टाळूची आणि बोलण्याच्या लकबीची मापे घेते. तो अहिराणीत बोलला काय, मराठीत बोलला काय किंवा सुरतेच्या कारखान्यात राहून शिकलेल्या गुजरातीत बोलला काय, माणूस कोण हे ते बऱ्यापैकी सांगू शकते.

हे पुस्तक लिहावेसे वाटले ते यामुळेच. खानदेशातल्या माणसाचे म्हणणे यंत्राला कळण्याआधीच तो माणूस कोण हे यंत्राला कळू लागले आहे. न्यायालयात, बँकेत, तपासात त्याचा आवाज पुरावा म्हणून किंवा किल्ली म्हणून चालतो. पण त्याच आवाजाने त्याला मागायची असलेली माहिती त्याच्या बोलीत मिळत नाही. हा क्रम उलटा आहे असे माझे ठाम मत आहे, आणि तो बदलता येतो असेही.

आधी भूमीविषयी थोडेसे. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच आजचे जळगाव आणि धुळे. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. या पट्ट्यात अहिराणी आहे, रावेर-यावलकडची लेवा गणबोली आहे, तावडी आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ली, पावरी, तडवी आहेत, शिवाय गुजरी आणि बंजारा. जॉर्ज ग्रियर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात घेतले नाही. १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ल भाषांबरोबर तिची मांडणी केली. ती मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद तेव्हापासून चालू आहे. २०११ च्या जनगणनेत खानदेशी या नोंदीखाली सुमारे १८ लाख ६० हजार भाषक आहेत, आणि त्यांतले बहुसंख्य अहिराणीचे. घरात अहिराणी बोलून जनगणनेच्या कागदावर ‘मराठी’ लिहिणारे यात आलेले नाहीत.

यंत्राच्या दृष्टीने हा वाद निष्फळ नाही. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत आणि सरकारी भाषा-तंत्रज्ञानाचा बहुतेक पैसा त्या यादीप्रमाणे वाटला जातो. अहिराणी यादीत नाही. मराठीच्या वाट्यात तिला धरायचे, तर मराठीचे नमुने बहुधा प्रमाण बोलीचे. अशा रीतीने दोन्ही दारे अर्धवट बंद राहतात.

बोलणे समजणाऱ्या यंत्रांचा इतिहास सत्तर वर्षांहून मोठा आहे. १९५२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ‘ऑड्री’ नावाचे यंत्र शून्य ते नऊ हे आकडे ओळखू लागले, तेही ज्याच्या आवाजावर ते जुळवले होते त्याचेच. दहा वर्षांनी आयबीएमचे ‘शूबॉक्स’ सोळा शब्दांपर्यंत पोहोचले. १९७० च्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘हार्पी’ ही प्रणाली झाली. तिला हजाराच्या वर शब्द कळत. तिथल्या संशोधनाचे नेतृत्व आंध्रातल्या कातूर गावी जन्मलेल्या राज रेड्डी यांच्याकडे होते. त्यांना पुढे १९९४ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

या काळात दोन पंथ पडले. एका पंथाचे म्हणणे असे की ध्वनिशास्त्राचे नियम यंत्रात भरावेत: ओठ मिटले की काय होते, जीभ टाळूला लागली की कोणती कंपने उठतात. दुसरा पंथ म्हणाला, नियम नकोत, नमुने द्या. हजारो तास ऐकवा आणि कोणत्या आवाजामागून कोणता आवाज येण्याची शक्यता किती, हे गणिताला ठरवू द्या. आयबीएममध्ये फ्रेडरिक येलिनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा संख्याशास्त्रीय मार्ग रुळवला आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे तोच राजमार्ग राहिला. २०१० नंतर बहुस्तरीय न्यूरल जाळी आली, २०११ साली आयफोनवर ‘सिरी’ आली आणि यंत्राशी बोलणे ही घरगुती गोष्ट झाली. २०२० च्या आसपास आणखी एक वळण आले. यंत्राला आधी न लिहिलेले, नुसते ध्वनिमुद्रित बोलणे भरपूर ऐकवायचे, त्यातून ध्वनींची रचना त्याला आपली आपण उमगू द्यायची आणि मग थोड्याशा लिहिलेल्या नमुन्यांवर त्याला शिकवायचे. २०२२ साली ओपनएआयने प्रसिद्ध केलेले ‘व्हिस्पर’ वेगळ्या वाटेने, इंटरनेटवर मजकुरासह सापडलेल्या ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनीवर शिकवलेले होते.

या पंथांची चर्चा इथे मुद्दाम केली, कारण प्रत्येकाचा अर्थ खानदेशासाठी वेगळा होतो. नियमांच्या काळात अहिराणीला एक चांगला भाषाशास्त्रज्ञ पुरला असता, डॉ. रमेश सूर्यवंशी यांच्या अहिराणी शब्दकोशासारखे काम यंत्राच्या थेट उपयोगी पडले असते. नमुन्यांच्या काळात मात्र शब्दकोश पुरेनासा झाला. हजारो तासांचे शब्दन् शब्द लिहून काढलेले बोलणे हवे होते, आणि ते अहिराणीकडे नव्हते. आज न लिहिलेल्या ध्वनीलाही किंमत आली आहे. ज्या बोलीचे लेखन थोडे पण बोलणे, गाणे, कीर्तन, यूट्यूबवरचे चित्रीकरण उदंड, तिला असे अनुकूल वळण यापूर्वी आले नव्हते.

मराठीपुरते बोलायचे तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पी. व्ही. एस. राव यांनी भारतीय भाषांच्या वाणी-संशोधनाचा पाया घातला. औरंगाबादच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात भारती गवळी आणि सहकाऱ्यांनी सुट्या मराठी शब्दांच्या ओळखीवर २०१० च्या सुमारास काम केले. पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा टप्पा बाजारभावाच्या प्रकल्पाचा. केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या पैशातून, आयआयटी मद्रासच्या नेतृत्वाखाली, सहा भाषांत शेतमालाचे भाव फोनवर बोलून विचारता यावेत अशी योजना आखली गेली. मराठीचा भार आयआयटी मुंबई आणि टाटा संस्थेने उचलला. त्यासाठी महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून सुमारे १५०० जणांचे आवाज मोबाइलवर गोळा झाले. प्रयोगशाळेतल्या शांत खोलीऐवजी शेत, रस्ता, बाजार समितीचे आवार. वाहनांचा गोंगाट, वाऱ्याची फडफड, तुटणारी लाइन. पिकांची, जिल्ह्यांची, बाजारांची नावे माणसे खरोखर कशी उच्चारतात हे त्या कामात प्रथमच मोठ्या प्रमाणावर नोंदले गेले.

त्या सुमारास शेजारच्या गुजरातेत ‘आवाज ओटलो’ या शेतकऱ्यांच्या फोन-सेवेवर एक तुलनात्मक अभ्यास झाला. बोलून सूचना देणे आणि फोनची बटणे दाबणे यांत कोणते सोपे पडते, हे तपासले गेले. निरक्षर माणसाला बोलणेच सोपे पडेल असे आपल्यापैकी बहुतेकांनी गृहीत धरले असते. त्या अभ्यासात बटणे सरस ठरली. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. आवाजाचे तंत्रज्ञान गरिबांसाठी आपोआप सोयीचे असते, हा समज आजही प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात ऐकू येतो. ज्या यंत्राला तुमची बोली कळत नाही त्याच्याशी बोलण्यापेक्षा ‘मराठीसाठी दोन दाबा’ हे कितीतरी सन्मानाचे असते.

बोली न कळणे म्हणजे नेमके काय होते? यंत्र ‘मला कळले नाही’ असे क्वचितच म्हणते. ते ऐकलेल्या ध्वनीला सर्वांत जवळचा, आपल्या ओळखीचा शब्द बसवते आणि पुढे जाते. खानदेशात ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘ण’चा ‘न’. जळगाव ‘जयगाव’ होते, डोळा ‘डोया’. प्रमाण मराठीवर शिकलेले यंत्र अशा ठिकाणी एखादा भलताच मराठी किंवा हिंदी शब्द लिहिते, तोही व्यवस्थित शुद्धलेखनात. चूक दिसतच नाही. त्यातून साध्या फोनच्या लाइनवरून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच ध्वनी जातो, त्यामुळे ‘स’ आणि ‘श’ यांतला वरच्या कंपनांत असलेला फरक पुसट होतो. अहिराणीच्या ‘शे’चे काय होत असेल याची यावरून कल्पना यावी. गाणे शोधताना अशी चूक झाली तर बिघडत नाही. पण पीकविम्यात स्थानिक आपत्तीच्या नुकसानीची खबर ७२ तासांत द्यावी लागते, हा नियम शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे अनुभवला आहे. वादळात केळीची बाग आडवी झालेला माणूस फोनवर गाव, गट, पीक सांगत असेल आणि पलीकडे यंत्र भलतेच लिहून घेत असेल, तर तो भुर्दंड पैशांत मोजावा लागतो.

ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने मराठीसह आठ भारतीय भाषांत बोलून टंकलेखनाची सोय दिली. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारचे ‘भाषिणी’ सुरू झाले. आयआयटी मद्रासच्या ‘एआयफॉरभारत’ गटाने २०२४ साली १४५ जिल्ह्यांतल्या १६,२३७ जणांचे ७,३४८ तासांचे बोलणे खुले केले, पण तेही त्याच २२ भाषांत. या सगळ्यांत वेगळी वाट धरली ती बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या ‘वाणी’ प्रकल्पाने. गूगलच्या साहाय्याने चाललेल्या या प्रकल्पाने नमुने भाषेच्या यादीप्रमाणे न घेता जिल्ह्याप्रमाणे घ्यायचे ठरवले. माणसाला एक चित्र दाखवायचे आणि ‘तुमच्या बोलीत सांगा’ म्हणायचे. तो जे बोलेल ते त्या जिल्ह्याचे बोलणे. पहिल्या टप्प्यासाठी देशातले ८० जिल्हे निवडले गेले आणि त्यांत धुळे होते. अनुसूचीची भिंत ओलांडण्याचा हा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण केले, त्यातली ध्वनिमुद्रणेही सर्वांना ऐकायला खुली आहेत.

आवाज जमला तरी तो लिहायचा कसा, हा पुढचा पेच. अहिराणीला ठरलेले शुद्धलेखन नाही. एकच क्रियापद ‘राह्यना’, ‘ऱ्हायना’, ‘रायना’ असे तिघे तीन प्रकारे लिहितात आणि यंत्र ते तीन शब्द समजते. लिहिणारा पुण्या-बंगळुरात बसून ‘सुधारून’ लिहू लागला तर बोलीच उरत नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव आणि सोपानदेवांच्या मावसभावाने ऐकून उतरवून ठेवली, आणि १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. त्या उतरवणाऱ्यांनी ‘डोया’चा ‘डोळा’ केला असता तर आज आपल्या हाती काय आले असते? ध्वनीचे लेखन करणारी माणसे त्या गावची असावीत, ही या पुस्तकातली एक आग्रहाची मागणी आहे.

आता दुसऱ्या शाखेकडे, म्हणजे कोण बोलले ते सांगणाऱ्या यंत्राकडे. १९६२ साली बेल प्रयोगशाळेच्या लॉरेन्स कर्स्टा यांनी ‘नेचर’मध्ये आवाजाच्या ठशाची कल्पना मांडली आणि ती बोटांच्या ठशाइतकी खात्रीची असल्यासारखा गवगवा झाला. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९७९ च्या अहवालात सावधगिरीचा इशारा दिला. बोटाचा ठसा बदलत नाही. आवाज सर्दीने, वयाने, भीतीने, दात पडल्याने बदलतो. नंतरच्या गणिती पद्धतींनी अचूकता पुष्कळ वाढवली, पण एक गोष्ट मूळचीच आहे: हे यंत्र ‘हाच तो’ असे कधीच सांगत नाही, किती जुळते तेवढे सांगते. कितीच्या वर गेले की दार उघडायचे, हे माणूस ठरवतो. उंबरठा खाली आणला तर चोर आत येतो, वर नेला तर घरधनीच बाहेर राहतो. चांगल्या फोनवर आवाज नोंदवून पुढे साध्या फोनवरून बोलणारा ग्राहक यात हकनाक अडकतो.

भारतात मे २०१५ मध्ये आयसीआयसीआय बँकेने आवाजावरून ग्राहक ओळखण्याची सेवा आणली. मे २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये बीबीसीच्या एका बातमीदाराच्या जुळ्या भावाने एचएसबीसी बँकेच्या आवाज-ओळखीला चकवून खात्यातली शिल्लक पाहिली. ते दोघे एकसारखे दिसणारे जुळेही नव्हते. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तीन सेकंदांच्या नमुन्यावरून कुणाचाही आवाज उभा करणारी पद्धत जाहीर केली. तीन सेकंदांचा आवाज व्हॉट्सॲपच्या कुठल्याही निरोपात असतो. ज्या किल्लीची नक्कल दारावरून जाणारा कुणीही करू शकतो, तिच्यावर घर सोपवू नये. आवाज ही जास्तीची खूण म्हणून ठीक, एकमेव किल्ली म्हणून नाही, हे माझे मत या पुस्तकात ठिकठिकाणी येईल.

कायद्याची बाजू महाराष्ट्राशी जवळून जोडलेली आहे. फोनवरच्या लाचेच्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून ग्राह्य धरणारा सर्वोच्च न्यायालयाचा गाजलेला निवाडा ‘आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा, १९७२ चा. ध्वनिफितीतला आवाज कुणाचा ते रीतसर ओळखले गेले पाहिजे, ही अट १९८५ साली रामसिंग प्रकरणात स्पष्ट झाली. आरोपीला आवाजाचा नमुना देण्यास भाग पाडता येते का, याचे उत्तर २ ऑगस्ट २०१९ रोजी रितेश सिन्हा प्रकरणात मिळाले: दंडाधिकारी तसा आदेश देऊ शकतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ मध्ये तो अधिकार लिहूनच आला. जळगाव-धुळ्याच्या वाचकाला हे दूरचे वाटू नये. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे तक्रार गेली की सापळ्याआधी लाचेच्या मागणीची पडताळणी होते, आणि तिथे व्हॉइस रेकॉर्डर लागतोच. तिथल्या संभाषणाची बोली पुष्कळदा अहिराणी किंवा लेवा असते. अशा वेळी ‘कोण बोलले’ आणि ‘काय बोलले’ ही दोन्ही कामे एकाच फितीवर येतात, आणि ‘काय बोलले’ याचा भार पूर्णपणे बोली जाणणाऱ्या माणसावर पडतो.

या सगळ्याची चर्चा आत्ताच का? कारण निर्णय आत्ता होत आहेत. मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी ‘यूपीआय १२३पे’ आले. त्यात पिन अजून बटणांनी दाबावा लागतो, आणि ते योग्यच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये बोलून पैसे पाठवण्याचे ‘हॅलो यूपीआय’ जाहीर झाले, सुरुवात हिंदी आणि इंग्रजीने. राज्याच्या कृषी विभागाचे ‘महाविस्तार’ ॲप शेतकऱ्याशी मराठीत बोलू पाहते. ऑगस्ट २०२३ मध्ये व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला. आवाज हीदेखील माणसाची व्यक्तिगत माहिती आहे. ती कशासाठी घेतली हे सांगितले पाहिजे, संमती परत घेता आली पाहिजे. ‘हा कॉल प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड केला जात आहे’ हे वाक्य ऐकून आपण पुढे बोलू लागतो, पण ते प्रशिक्षण माणसाचे की यंत्राचे, हे कुणी विचारत नाही. ते विचारायला शिकवणे हा या पुस्तकाचा एक उद्देश आहे.

हे पुस्तक अभियंत्यांसाठी नाही, त्यांनी वाचले तर आनंदच. बँकेच्या शाखेत बसणारा, आपले सरकार सेवा केंद्र चालवणारा, शाळेत मराठी शिकवणारी, वकिली करणारी, बाजार समितीत हिशोब लिहिणारा, अशा वाचकासमोर हा विषय मुळापासून ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. गणित जिथे टाळता आले नाही तिथे ते सावकाश सांगितले आहे. अहिराणी आणि लेवा गणबोलीची उदाहरणे बोलणाऱ्याने उच्चारली तशी छापली आहेत. ती शुद्ध करू नयेत अशी मुद्रितशोधकांना विनंती केली होती. दुकानात पैसे आल्याचे ओरडून सांगणारी खोकी, म्हणजे यंत्राचे बोलणे, हा स्वतंत्र विषय असल्याने इथे ओझरता आला आहे. भिल्ली आणि पावरीला द्यायला हवा होता तेवढा न्याय या आवृत्तीत देता आला नाही. त्यासाठी त्या बोली बोलणाऱ्यांनीच लिहायला हवे.

वाचकांकडे तीन मागण्या आहेत. तुमच्या बँकेने किंवा विमा कंपनीने आवाजाची नोंद मागितली तर बटणांचा आणि माणसाशी बोलण्याचा पर्याय चालू राहील का, हे लेखी विचारा. ओळखीच्या आवाजात कुणी घाईने पैसे मागितले तर फोन ठेवा, त्या माणसाच्या नेहमीच्या नंबरावर स्वतः फोन लावा, आणि फसवणूक झालीच असेल तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. आणि बोलीचे नमुने गोळा करणारे कुणी तुमच्या गावात आले तर आधी ते नमुने कुणाच्या मालकीचे होणार हे नीट समजून घ्या, आणि उत्तर पटले तर मोकळेपणाने, घरी बोलता तसेच बोला.